जिने नारळ उचलला नाही

मला त्या समितीवर घेतले ते मी उपद्रव करणार नाही या खात्रीने. स्त्रियांच्या तक्रारींसाठी कारखान्यात समिती असावी असा कायदा आहे, आणि तिच्यावरची एक सदस्य कारखान्याशी संबंध नसलेली असावी लागते. तलासरीच्या अलीकडे महामार्गाला लागून असलेल्या एका फुग्यांच्या कारखान्याचे मालक त्यासाठी बोर्डीला माझ्या घरी आले. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमच्यासारखं धार्मिक माणूस हवं. बायकांना दोन चांगल्या गोष्टी सांगाल. वकील आणला की घरचं घरात राहत नाही."

शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर, खंडेनवमीला त्यांच्या यंत्रांची पूजा होई तेव्हा, स्तोत्रपठणासाठी मला बोलावणे येत असे. पांढरे केस, हातात जपमाळ, आवाज खालच्या पट्टीत. धार्मिक म्हातारी म्हणजे मऊ भात, कशाबरोबरही कालवता येतो, असा त्यांचा समज झाला असावा. मी होकार दिला. समज दूर करण्याची घाई केली नाही.

फुग्यांच्या कारखान्यात द्रवरूप रबरात बुडवलेले साचे सुकून आले की त्यांवरून फुगे सोलून काढायचे, फुगवून पाहायचे आणि रंगांप्रमाणे वेगळे करायचे, हे काम बायकांचे. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर पांढरी भुकटी टाकतात. ती सर्वांच्या पापण्यांवर बसलेली असते, त्यामुळे तिथल्या विशीतल्या मुलीही दुरून म्हाताऱ्या दिसतात. त्या बायकांवर एक सुपरवायझर होता. डोंगराकडच्या कासा गावचा, चाळिशीचा, गळ्यात तुळशीची माळ, आणि भजनी मंडळात पुढे बसून टाळ धरणारा. त्याचा आवाज चांगला होता. हे मला अजून खटकते.

तक्रार केली ती किनाऱ्यावरच्या आगर गावातल्या एका मच्छीमार घरातल्या सुनेने. तिशीच्या आतली, पदरी एक लहान मुलगी. सुपरवायझरने तिला भुकटीच्या कोठीत बोलावले, दार लोटले आणि अंगाशी आला. तिने ढकलले तेव्हा साचे टांगायची लाकडी फळी त्याने तिच्या तोंडावर मारली. ओठ उभा फाटला होता. टाके घातलेल्या त्या तोंडाने ती समितीसमोर कष्टाने बोलली. कोठीतून रक्ताळलेली बाहेर येताना तिला पाहिलेल्या दोघी कामगार बायका होत्या. समितीसमोर दोघींनाही काही आठवेना.

पहिल्याच दिवशी दारापाशी मला गाठून ती म्हणाली होती, "बाई, मी इथे खोटी ठरले तर काम जाईल, ते एक. पण मग घरीही खोटीच ठरेन. माझा नवरा विचारत नाही. त्याच्या कानावर गेलं की मारतोच." तिचा चेहरा पाहता हे तिला पूर्वानुभवाने ठाऊक होते, हे वेगळे विचारावे लागले नाही.

दुसरी बैठक मालकांच्या खोलीत झाली. समितीच्या अध्यक्ष म्हणजे हिशेब सांभाळणाऱ्या बाई. मालकांनी खुर्ची सरकवली की त्या आधी उठून उभ्या राहत. सुपरवायझरने सांगितले की फळी मुळात खाली पडलेली होती, बाई पाय घसरून तिच्यावर आपटली, आणि आपण तर त्या वेळी कोठीत नव्हतोच. नसताना फळी कोठे पडली होती हे त्याला कसे ठाऊक, असे मी विचारायला तोंड उघडले, तोच मालक उठले. भिंतीवरच्या देव्हाऱ्यात समई तेवत होती. तिच्यापुढचा नारळ त्यांनी उचलून टेबलावर ठेवला.

"कागद रंगवून काय होणार आहे? देव इथे बसलाय. दोघांनी नारळ उचला, विषय संपवा." मग तिच्याकडे वळून, जरा हसून, "तुमच्या आगरात तर असंच चालतं ना?"

ते खरे होते. आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांत जाळी टाकण्याच्या जागेवरून तंटा झाला की देवीपुढे नारळ उचलून शपथ घेतात. ज्याने उचलला तो खरा, ज्याने उचलला नाही तो खोटा. त्यावर पुन्हा कोणी बोलत नाही. मालकांना ही प्रथा ठाऊक होती आणि म्हणूनच त्यांनी ती काढली.

"बाई, तुम्ही मंत्र म्हणा," ते मला म्हणाले.

"ही चौकशी आहे. पूजा नाही," मी म्हणाले.

"अहो, तुम्हीच देवाला घाबरायला लागलात तर कसं व्हायचं?"

माझ्या मंत्राची वाट न पाहता सुपरवायझरने हात पुढे केला आणि भाजीवालीच्या टोपलीतून दुधी उचलावा तसा नारळ उचलला. डोळे मिटले. देवीचे नाव घेतले. आपण त्या बाईला बोटही लावले नाही, असे स्वच्छ शब्दांत म्हणाला. खोटी शपथ घेणाऱ्याचा हात कापतो असे माझी आई सांगत असे. त्याचा हात कापला नाही. नारळ ठेवून त्याने माळेला हात लावला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत, आपण दोघे एका पंगतीतले, असा भाव होता. माझ्या वयाच्या आणि स्वभावाच्या बाईने लिहू नये ते लिहिते: त्या क्षणी तो नारळ त्याच्याच डोक्यावर फोडावा असे मला वाटले.

"आता तू," मालक म्हणाले.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"उचल की! खरं बोलतेस ना?"

ती एक पाऊल मागे सरकली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अगं, हात लावायला काय जातंय?" ती नुसतीच मान हलवत राहिली. मग भिंतीला टेकली आणि नारळापासून अंग चोरून दाराकडे गेली.

"झालं," अध्यक्षबाईंनी फाइल मिटली.

"दूध का दूध," मालक म्हणाले.

मी उठले. मला कोणी थांबवले नाही. म्हातारी माणसे वारंवार उठतातच. मालाच्या खोक्यांमागे हात धुण्याचा नळ होता, तिथे ती उभी होती. नळ चालू होता आणि ती हात धूत नव्हती.

"का नाही उचललास?"

तिने इकडेतिकडे पाहिले. "बाई, मला शिवायचं नाही. काल संध्याकाळपासून पाळी आलीय."

"मग तसं माझ्या कानात सांगायचं होतंस."

"त्या पुरुषांसमोर? आणि एवढंच नाही. घरचा माणूस दर्यात आहे. बोट बाहेर असताना अशी मी नारळाला हात लावला आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

"जो तुला मारतो, त्याचं?"

"मारतो, बाई. पण दर्याने त्याला मारू नये."

विटाळ मी स्वतः माझ्या काळात पाळला. तो योग्य की अयोग्य, हा वाद इथे घालत नाही. त्या नळापाशी मला दिसले ते एवढेच की आत एक माणूस देवीला साक्षी ठेवून खोटे बोलला होता आणि निश्चिंत बसला होता. इकडे ही बाई देवीला खरी राहण्यासाठी जगापुढे खोटी ठरायला तयार झाली होती, आणि तेही तिच्यावर हात टाकणाऱ्या माणसाच्या जिवासाठी.

"कधीपासून दर्यात आहे?"

"अमावास्येचं उधाण लागलं तेव्हापासून. भांग लागली की येतील." भांग म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस. उधाणात पाण्याला ओढ असते तेव्हा जाळी लावायची, आणि ओढ ओसरली की घरी यायचे, हा त्यांचा पंचांगाहून पक्का नियम.

"मी हे आत सांगणार नाही," मी तिला वचन दिले. "तू कामावर जा."

खोलीत परतले तेव्हा चहा आला होता. मी बसले आणि सावकाश म्हणाले, "धर्मशास्त्रात शपथेला आणि दिव्याला, म्हणजे अग्निपरीक्षेसारख्या कसोटीला, जागा आहे. पण केव्हा, तर जिथे माणसांची साक्ष मिळण्याचा मार्गच नसेल तेव्हा. साक्ष मिळू शकत असताना देवाला मध्ये ओढणे हा धर्म नाही, आळस आहे. चौकशी पुढे चालेल. ती बंद केलीत तर माझे वेगळे मत मी लेखी देईन आणि ते सरकारी अधिकाऱ्यांकडे पाठवीन."

मालकांचा चहा बशीत सांडला. "बाई, तुम्ही शास्त्र सांगताय की धमकी देताय?"

"दोन्ही."

तेव्हा सुपरवायझरने घाई केली. त्याच्या शपथेला मी किंमत दिली नाही याचा त्याला राग आला होता, आणि रागात माणूस दुसरे कुलूप लावायला जातो नि पहिले उघडे टाकतो. "मग ऐकाच, बाई. बोलणार नव्हतो, बायकांची अब्रू म्हणून. तिचा ओठ तिच्या नवऱ्याने फोडलाय. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस. रात्री घरी मार खाल्ला आणि सकाळी माझ्या नावावर घातला. आख्ख्या आगरला माहितीय तो मारतो म्हणून. तिच्या सासूलाच घेऊन येतो. तिचं नि सासूचं पटत नाही, ती काय ते खरं सांगेल."

मघाशी पाय घसरून पडलेली बाई आता नवऱ्याच्या हातचा मार खाऊन आली होती. मी ते दाखवून दिले नाही. तारीख तेवढी अध्यक्षबाईंना लिहून घ्यायला सांगितली, आणि म्हणाले, "आणा सासूला."

धीर हा गुण आहे असे मला लहानपणापासून शिकवले. तो शस्त्रासारखा हातात धरता येतो, हे मला त्या आठवड्यात समजले.

सासू सुकी मासळी विकणारी. तलासरीच्या बाजाराला बोंबील घेऊन आली होती, तिथून सुपरवायझरने तिला मोटारसायकलवर बसवून आणले. वाटेत मिठाईचा पुडाही घेऊन दिला होता. रिकामी टोपली तिने मालकांच्या टेबलावर ठेवली. खोलीत बोंबलांचा वास भरला. मालकांनी खिडकी उघडली.

"मावशी, घाबरू नका हं. जे खरं ते सांगा," सुपरवायझर म्हणाला.

"मी कशाला घाबरू रे?"

अध्यक्षबाईंनी विचारले, "तुमचा मुलगा सुनेला मारतो का?"

"मारतो. कोण नाही म्हणतो? त्याचा बाप मला मारायचा." ती खुर्चीत नीट बसली. "तीही काही कमी नाही. उलट बोलते. भात करपवते. पगाराचं विचारलं की फणा काढते."

सुपरवायझरने मालकांकडे पाहिले. मालकांनी मान डोलावली.

"मग हा ओठही त्यानेच फोडला ना?" सुपरवायझर म्हणाला. "अमावास्येनंतर दुसऱ्या दिवशी, रात्री."

म्हातारीने टोपली हळूच जवळ ओढली. "कोणी फोडला?"

"तुमच्या मुलाने."

"माझ्या पोराने? त्या रात्री?" ती उठली. "अरे, माझा पोर दर्यात आहे! उधाण लागलं तशी बोट गेली, ती अजून आली नाही. तू कासाच्या डोंगरातला, तुला काय वाटलं, बोट म्हणजे एसटी? संध्याकाळी मुक्कामाला परत येते?"

"मावशी, तुमचा काहीतरी घोटाळा..."

"घोटाळा तुझ्या घरी! बोटीच्या तांडेलाला विचार. जेट्टीवर विचार. तिकडे माझा लेक पाण्यावर जीव टांगून बसलाय आणि इथे तू त्याच्या नावावर पाप लिहितोस? त्याने केलंय ते मी तोंडाने कबूल करीन. न केलेलं एकही घेणार नाही!" मिठाईचा पुडा तिने त्याच्या छातीवर फेकला. "घे तुझे पेढे. आंबलेत."

सुनेला बोलावले होते, ती दारात उभी होती. म्हातारी तिच्यावरही उखडली. "आणि तुला तोंड नव्हतं? बोट गेलीय हे सांगता येत नव्हतं?"

"मला नवऱ्याबद्दल कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

त्यानंतर त्या दोघी कामगार बायकांनाही सर्व आठवले. निर्णय द्यायला अध्यक्षबाईंचा हात जड झाला होता, पण त्यांनी सही केली. मालकांनी दिरंगाई केली, मी पुन्हापुन्हा गेले, आणि शेवटी सुपरवायझरला कामावरून काढावे लागले. निरोप देताना मालक म्हणाले, "बाई, तुम्हाला देवमाणूस समजून घेतलं होतं."

"मीही तुमच्याकडे देव आहे असे समजूनच आले होते," मी म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला मला बोलावणे नव्हते. बोर्डीत भजनी मंडळातली माणसे मला पाहून रस्ता ओलांडू लागली. एका भल्या गृहस्थाने देवळाच्या पायरीवर मला विचारले की या वयात नामस्मरण सोडून कोठीतल्या गोष्टी उकरण्यात काय पुण्य आहे. त्यांच्यासाठी वायफळ खर्च करण्याइतके शब्द माझ्याकडे उरलेले नव्हते.

पण हे सारे नंतरचे. निर्णय झाला त्याच आठवड्यात भांग लागली आणि बोटी परतल्या. सकाळी तिचा फोन आला. "बाई, तो आलाय. जेट्टीवरच कोणीतरी सांगितलं त्याला, बायकोने नारळ उचलला नाही म्हणून." मी रिक्षा केली आणि आगरला गेले. रिक्षावाल्याला थांबून राहायला सांगितले.

नवरा ओट्यावर बसला होता. उन्हाने काळवंडलेला, डोळे तांबारलेले. अंगणात सासू वलांडीवर, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूंवर, बोंबील अडकवीत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि काम चालू ठेवले.

"या भटीणबाई," तो म्हणाला. "तुमच्यासमोरच विचारतो. नारळ का नाही उचलला हिने?"

"समितीने निर्णय दिला आहे. ती खरी ठरली आहे."

"कागदावर. मी नारळाचं विचारतोय. गावाने मला तेच विचारलं." तो तिच्याकडे वळला. "बोल. त्याने हात लावला होता तर उचलायला काय झालं होतं? की तूच गेली होतीस?"

ती दारात उभी होती, मुलगी तिच्या साडीला धरून. टाके काढलेले होते, ओठावर लाल रेघ होती. मी समजत होते की ती माझ्याकडे पाहील. तिने पाहिले नाही.

"मी पाळीत होते," ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि तू दर्यात होतास. म्हणून नाही उचलला."

बोंबील अडकवणारे हात थांबले. शेजारच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. तो तिच्याकडे पाहत राहिला. आता हा लाजेल, मान खाली घालील, असे मला वाटले. तसे वाटणे हा माझ्या शिक्षणाचा दोष असावा. तो उठला आणि त्याने तिच्या कानशिलात मारली. चारचौघांत पाळीचे नाव काढले म्हणून. एवढेच कारण होते, आणि ते त्याने मोठ्याने सांगितलेही.

मुलगी किंचाळली. मी ओट्यावर चढले, कशी चढले ते माझ्या गुडघ्यांना ठाऊक, आणि त्या दोघांमध्ये उभी राहिले.

"बाजूला व्हा, बाई. हे घरचं आहे. बायकोने नवऱ्यापुढे असं बोलावं असं तुमच्या कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"ते सांगायला वेळ लागेल. पोलीस ठाण्यात बसून सांगते. तुला तिथे बोलावतीलच."

ती आत गेली. मला वाटले रडायला गेली. ती पिशवी घेऊन बाहेर आली, मुलीला कडेवर घेतले, आणि ओटा उतरून सरळ रिक्षात जाऊन बसली.

"कुठे चाललीस? पाळीवर?" सासू ओरडली. कारखान्याच्या कामाच्या पाळीला तिकडे तसेच म्हणतात.

"चौकीवर."

मी सासूजवळ गेले. "त्या दिवशी तुम्ही म्हणालात, तो मार तुमच्या मुलाचा नाही. तुमचे खरे निघाले. आत्ताचा मार तुम्ही पाहिलात. सांगाल?"

तिने एका बोंबलाच्या जबड्यात दुसरा अडकवला. "पोटच्या पोराविरुद्ध ठाण्यात येणार नाही मी."

"आणि पोलीस इथे विचारायला आले तर?"

तिने आणखी एक बोंबील अडकवला. मग मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, "खोटं सांगणार नाही. पण तू आता माझ्या अंगणातून जा, बाई. पुन्हा येऊ नकोस."

मी गेले.

ठाण्यातल्या हवालदाराने आधी मला खुर्ची दिली, मग आम्ही कशासाठी आलो ते ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, घरगुती मामला आहे. तुम्ही वडीलधाऱ्या, समजावून सांगा दोघांना."

"मी समजावण्यासाठी आलेली नाही. मी पाहिले आहे, आणि साक्ष देण्यासाठी आले आहे."

त्याने तिच्या ओठाकडे बोट केले. "हा मार कसला?"

"तो कारखान्यातल्या माणसाचा," ती म्हणाली. "त्याचीही तक्रार द्यायचीय."

"मग ती आधी घेऊ. ती सोपी आहे, निर्णय झालेलाच आहे. घरचं नंतर बघू."

तिने मुलीला माझ्या मांडीवर ठेवले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. तिच्या गालावर बोटे उमटलेली होती. तो गाल तिने हवालदाराकडे केला.

"घरची आधी," ती म्हणाली. "हे जाईल थोड्या वेळात. आधी हे लिहा."